आकाशाकडे पाठ

माझ्या आत्याइतका जमिनीशी कमी संबंध ठेवून जगणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि गंमत म्हणजे तिने सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात काढली. इंदुरातल्या कितीतरी पोक्त माणसांना नर्मदेचा उगम आणि माळव्याचं पठार तिनेच समजावून दिलंय, पण ती स्वतः चालते ती मान वर करून. रस्ता हा तिच्या पायांचा प्रश्न असतो, तिचा नसतो. आमच्या अन्नपूर्णा भागात कुणी नवा ओटा घातला की ओल्या सिमेंटमध्ये पहिलं पाऊल आत्याचं उमटतं. आसपासच्या बऱ्याच ओट्यांवर तिच्या चपलेचे ठसे आजही आहेत आणि लोकांनी ते तसेच राहू दिलेत, कारण त्यांतल्या बहुतेकांची मुलं कधी ना कधी तिच्या वर्गात बसलेली आहेत. सकाळी दूध आणायला गेली की पिशवी हातात घेऊन ती डेअरीसमोरच उभी राहते. पश्चिमेकडून एखादा ढग निघालेला असतो, आणि तो देवळाच्या शिखरामागे गेल्यावर पलीकडून बाहेर येतो की तिथेच विरून जातो, हे बघितल्याशिवाय तिला घरी येववत नाही. आम्ही बिनदुधाच्या चहाकडे बघत बसतो. ती आल्यावर बोलायचीही सोय नसते, कारण दूरचा प्रवास करून आलेल्या माणसासारखी ती दमलेली आणि खूश असते.

दुसरी गोष्ट म्हणजे दिशा. आत्याच्या जगात डावं-उजवं नाही. आहेत त्या आठ दिशा, आणि त्या तिला झोपेतसुद्धा ठाऊक असतात. ऑटोत बसली की ती ड्रायव्हरला सांगते, "भिया, पुढच्या चौराह्यावर नैर्ऋत्येला घ्या." एकदा एका ऑटोवाल्याने गाडी बाजूला लावली, इंजिन बंद केलं आणि हात जोडून म्हणाला, "माताजी, आप तो बस हाथ से बता दो." तिने हात केला तो आकाशाकडे, कारण नेमकं तेव्हाच वरून विमान गेलं. स्वयंपाकघरात ती माझ्या बायकोला विचारते, "पोह्यांवर भुरभुरायची जीरावण पूर्वेकडच्या फळीवर होती ना ग?" आणि बायको, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी, आधी खिडकीतून सूर्य कुठे आहे ते बघते आणि मग डबी काढून देते. दाताच्या डॉक्टरांनी एकदा तिला कुठली दाढ दुखते म्हणून विचारलं. ती म्हणाली, "वायव्येची." डॉक्टर हसले आणि दिव्याचा उजेड नीट पडावा म्हणून त्यांनी तिची खुर्ची अर्धी फिरवली. आत्याने तोंडातला कापूस काढून गंभीरपणे सांगितलं, "आता ती आग्नेयेची झाली." त्या डॉक्टरांनी पुढे कितीतरी दिवस ही गोष्ट प्रत्येक पेशंटला ऐकवली, आणि पेशंटचं तोंड उघडं असल्यामुळे त्यांना हसता यायचं नाही.

लग्न तिने केलं नाही. का, असं मी लहानपणी विचारायचो तेव्हा ती म्हणायची, "राहून गेलं रे," जणू काही बाजारातून कोथिंबीर आणायची राहून गेली. आमच्याच घरात वरच्या मजल्यावर गच्चीला लागून तिची खोली आहे. खोलीत पलंग, पृथ्वीचा एक रंग उडालेला गोल आणि खिडकी. बाकी सामान ती ठेवत नाही, कारण सामानाने आकाश अडतं असं तिचं म्हणणं आहे.

अशा माणसाने निवृत्तीनंतर काय करावं याबद्दल बाबांचं मत ठरलेलं होतं. बाबा म्हणजे तिचे थोरले भाऊ. बिजली दफ्तरात आयुष्य गेल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्ट चालू किंवा बंद अशी दिसते, मध्ये काही दिसत नाही. आत्याने घरी शिकवण्या घ्याव्यात, हे त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. आणि मग एका रविवारी, पोहे-जलेबीचा कार्यक्रम चालू असताना, आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दादा, मी अ‍ॅडमिशन घेतली."

"कुणाची?" बाबांनी विचारलं.

"माझी. ड्रोनची डिग्री असते ना, तीन वर्षांची. बेटम्याच्या साइडला ती युनिव्हर्सिटी झाली, तिथे. उडवायला पण शिकवतात."

बाबांनी चमचा खाली ठेवला. "ड्रोन मतलब, लग्नात डोक्यावर घों घों करतं ते?"

"तेच."

"त्याची डिग्री कशाला पाहिजे? फोटोवाल्याचा पोरगा उडवून राहिलाय की आरामात."

"त्याला हवा कळत नाही दादा. मागच्या लग्नात त्याने मांडवात अडकवलं."

"बेबी, उमर काय तुझी?"

"फॉर्मवर लिहिली मी. त्यांनी काही म्हटलं नाही," आत्या म्हणाली आणि तिने शांतपणे आणखी एक जलेबी घेतली.

निवृत्त झालेल्या बहिणीला बेबी म्हणून हाक मारायची आणि त्याच वाक्यात तिचं वय काढायचं, हे फक्त बाबांनाच जमतं. त्यांनी महिनाभर अबोला धरला. पण आत्याला अबोला कळतच नाही. समोरचा बोलत नसेल तर तो वर बघत असेल, अशी तिची समजूत आहे. बाबा गप्प बसले की ती पण त्यांच्याबरोबर गप्प बसून ढग बघायची, आणि बाबांचा संताप वाया जायचा.

कॉलेज सुरू झालं. सकाळी युनिव्हर्सिटीची बस अन्नपूर्णेच्या चौकात यायची आणि त्या बसमध्ये मिसरूड फुटलेल्या पोरांच्या मधोमध आत्या बसायची: सुती साडी, साडीवर उडवण्याच्या तासाला घालायचं चकाकणारं नारिंगी जाकीट, डोक्यावर टोपी. जाकीट तिथे गेल्यावर घालायचं असतं, पण तिला ते इतकं आवडलं होतं की भाजी आणायलाही ती तेच घालून जायची, आणि भाजीवाले तिला नगरपालिकेची समजून टोपल्या मागे ओढायचे. पोरं पहिल्या आठवड्यात मॅडमजी म्हणत होती. मग एकदा तिचा डबा विसरला म्हणून मी द्यायला गेलो आणि गेटवरून "आत्या" अशी हाक मारली. तेव्हापासून सगळा वर्ग तिला बुआजी म्हणू लागला. नकाशे शिकवायला जे सर होते ते तिचेच जुने विद्यार्थी निघाले. पहिल्या दिवशी सर वर्गात आल्यावर मुलं उभी राहिली, आत्याही उभी राहिली, आणि आत्याला बघून सरही उभे राहिले, म्हणजे उभे होतेच, पण जास्त ताठ उभे राहिले. कुणी आधी बसायचं ते ठरेना. शेवटी आत्याच म्हणाली, "बसा रे सगळे," आणि सर पण बसले.

हवामान, बॅटऱ्या, हवाई कायदे, वरून काढलेल्या फोटोंचे नकाशे करणं, हे सगळं तिला आवडायचं. फक्त कॉम्प्युटरवरचं खोटं उड्डाण तिला जमेना. मुलं पडद्यावर सराईतपणे घिरट्या घालत असायची आणि आत्याचं ड्रोन झाडात जाऊन बसलेलं असायचं, कारण ती पडद्याकडे न बघता खिडकीतून बाहेरच्या खऱ्या झाडाकडे बघत असे. "ह्याच्या आत वाराच नाही," अशी तिची तक्रार होती. "वारा नाही तर उडवायचं काय, फोटो?"

पण जे आवडलं ते ती घरी घेऊन आली. ड्रोन उडवण्यापूर्वी सगळं तपासून मोठ्याने म्हणायचं असतं, आणि शेजारी उभ्या असलेल्याने त्याला दुजोरा द्यायचा असतो. पंखे, बॅटरी, वारा, आजूबाजूची माणसं. आता आमच्या घरातून कुणी बाहेर पडायचं म्हणजे दारात तपासणी सुरू झाली. "गॅस?" आत्या विचारायची. "ओके," बायको म्हणायची. "चावी?" "ओके." "वारा वायव्येकडून, मंद. निघा." कुकर लावण्याआधी ती दोन्ही हात पसरून "क्लिअर!" म्हणून ओरडायची आणि मगच शिटी ठेवायची. बाबा या सगळ्याला अर्थातच दाद देत नसत. पण एकदा मी त्यांना एकटेच देवळात निघालेले पाहिलं. दारात थांबून त्यांनी खिसे चाचपले, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच स्वतःशी म्हणाले, "ओके."

मग खरं उड्डाण आलं. बेटम्याच्या वाटेवर गव्हाच्या आणि लसणाच्या शेतांमध्ये युनिव्हर्सिटीचं एक मोकळं मैदान आहे. उडवायला शिकवणारे सर महूचे. त्यांच्या घरात आजोबांपासून फौज, तेही फौजेतून निवृत्त होऊन इथे आलेले, मराठीच, पण बोलताना कवायतीवर असल्यासारखे. त्यांच्याकडे परीक्षा एकच: आकाशात आडवा इंग्रजी आठाचा आकडा काढून ड्रोन जिथून उठलं तिथे परत उतरवायचं. ऐकायला सोपं आहे. अडचण अशी की ड्रोन दूर जात असतं तेव्हा त्याचं डावं ते तुमचं डावं असतं, पण ते वळून तुमच्याकडे तोंड करून येऊ लागलं की त्याचं डावं तुमचं उजवं होतं. भल्याभल्या पोरांची बोटं इथे गोंधळतात. आत्याने यावर आपला उपाय शोधून काढला. ड्रोन वळलं की तीही वळायची. ते तिच्याकडे येऊ लागलं की ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहायची, म्हणजे दोघांचं तोंड एकाच दिशेला. आणि मग न बघता, नुसत्या आवाजावर आणि मानेला लागणाऱ्या वाऱ्यावर, ती त्याला असं अलगद आणून उतरवायची की पोरं टाळ्या वाजवायची.

सर टाळ्या वाजवत नसत. "मॅडम, हात बढिया आहे तुमचा," ते म्हणाले. "पण तोंड उलटीकडे आहे. पायलटची नजर मशीनवर पाहिजे, हा रूल आहे. ह्याच्यात मी काय करू, सांगा." आणि त्यांनी तिला नापास केलं.

दुसऱ्या खेपेला आत्या पाय रोवून उभी राहिली. वळायचं नाही म्हणजे नाही. ड्रोन गेलं, वळलं, तिच्याकडे येऊ लागलं, आणि आत्याची बोटं थिजली. तिने एक दांडी ढकलली ती नेमकी उलटी. ड्रोन मैदान सोडून निघालं, शेजारच्या लसणाच्या शेतावरून तरंगत गेलं आणि तिथे मावळलं. थोड्या वेळाने शेतातली बाई ते काखेत धरून घेऊन आली. आत्याचा चेहरा बघून तिने ड्रोनबरोबर ओल्या लसणाची एक जुडीपण दिली. त्या रात्री आमच्याकडे लसणाची चटणी झाली. आत्याने ती खाल्ली नाही.

तिसरी खेप शेवटची होती. परीक्षेचे नियम तसे होते, आणि शिवाय उडवण्याच्या परवान्याला वयाची वरची मर्यादा असते. आत्या त्या मर्यादेला अगदी टेकली होती. आता गेलं तर कायमचं गेलं. डिग्रीचं बाकी सगळं मिळालं असतं, कागद मिळाला असता, पण उडवायला मिळालं नसतं. पोरं म्हणाली, बुआजी, जाऊ द्या, तुम्ही नकाशे बनवा, तुमच्यासारखे नकाशे कुणाला येतात. आत्या हो म्हणाली. आणि दुसऱ्या दिवसापासून ती खाली बघून चालायला लागली. दूध वेळेवर येऊ लागलं. चहा वेळेवर होऊ लागला. कोपऱ्यावरच्या घराचा नवा ओटा घातला गेला, वाळला, आणि त्यावर कुणाचंच पाऊल उमटलं नाही. इतकी वर्षं आम्ही जिला हसत होतो ती आत्या कुठेतरी निघून गेली होती आणि तिच्या जागी एक व्यवस्थित बाई घरात वावरत होती.

हे बाबांच्याही ध्यानात आलं होतं. एका संध्याकाळी मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होतो तर ते गुडघे धरत वर आले. जिना चढायला त्यांना मनाई आहे. वर येऊन बराच वेळ उगीच टाकी बघत राहिले. मग म्हणाले, "ती पाठ का फिरवते, माहितेय तुला?"

"डावं-उजवं जुळावं म्हणून. तीच सांगते ना."

"ते ती सांगते," बाबा म्हणाले. "छत्रीबागेतल्या आमच्या घराच्या छताला कठडा नव्हता. मी पतंग उडवायचो. पतंग उडवणारा मागे मागे सरकतो, त्याला भान नसतं. समोरच्या घरातला एक पोरगा असाच पडला, पाय मोडला त्याचा. मग आईने हुकूम काढला. बेबीने हुचका धरायचा आणि माझ्या पाठीला पाठ लावून उभं राहायचं, तोंड छताच्या कडेकडे. म्हणजे मी मागे आलो की तिला कळणार."

इंदुरात मांज्याच्या रिळाला हुचका म्हणतात. हे मला माहीत होतं. बाकीचं माहीत नव्हतं.

"मग ती पतंग कधी बघायची?"

"कुठून बघणार? मी ओरडायचो, ढील दे, लपेट. ती द्यायची. दोऱ्यावरून बरोब्बर कळायचं तिला पतंग कुठे आहे. कटला तर माझ्याआधी तिला समजायचं." टाकीच्या नळाला हात लावून तो बंदच आहे ना ते त्यांनी बघितलं. "एकदा पण नाही दिला मी तिच्या हातात. तिने मागितला नाही, आणि माझ्या डोक्यात आलं नाही. आता तिला वर बघून उडवता येईना, तर माझ्यामुळेच ना."

बाबांनी कधी कुठल्या गोष्टीचा दोष स्वतःकडे घेतल्याचं मला आठवत नाही. वीज गेली तरी ते वरच्या दफ्तराचं नाव घेतात.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या गच्चीवर उड्डाणाचे वर्ग सुरू झाले. खरं ड्रोन घरावरून उडवायला परवानगी नाही, विमानतळ जवळ पडतो. म्हणून ड्रोन मी झालो. हे बाबांनी ठरवलं, आणि आत्याने तिसरी खेप द्यायचीच हेही. आत्या टीव्हीचा रिमोट दोन्ही हातांत धरून मधोमध उभी, तिच्या पाठीला पाठ लावून बाबा, आणि मी दोन्ही हात पसरून, तोंडाने बारीक घरघर करत, गच्चीभर आठाचा आकडा काढतोय. मी आत्याकडे तोंड करून येऊ लागलो की तिचे खांदे वळायला लागायचे, पण मागे बाबांची पाठ असायची. "जागेवर," बाबा पुटपुटायचे. "मी आहे इकडे. तू तिकडे बघ." शेजारणीने माझ्या बायकोला जिन्यात गाठून विचारलं, "भाभीजी, भियाला काही झालं का? काल संध्याकाळी दोन वेळा पाण्याच्या टाकीवर आपटले." बायको म्हणाली, "काही नाही हो, ते ड्रोन आहेत सध्या." मी ऑफिसात दिवसभर विम्याच्या फायली बघणारा माणूस. पण खरं सांगतो, संध्याकाळच्या त्या उजेडात, हात पसरून, आत्या बोटं हलवेल तिकडे वळत, मला हळूहळू हलकं वाटायला लागलं होतं. पायाखाली फरशी आहे हे मी विसरायचो. आत्याची बोटंही सैल झाली होती. ती मधूनच स्वतःशी बोलायची, "पूर्वेला चाललाय. आता उत्तरेकडून येतोय. येऊ दे, येऊ दे." बाबांचे गुडघे दुखून यायचे, पण ते बोलत नसत.

परीक्षा थंडीतल्या सकाळी होती. आम्ही तिघे माझ्या गाडीतून गेलो. बेटम्याच्या रस्त्याला गव्हावर धुकं बसलं होतं आणि त्यातून झाडांचे नुसते शेंडे तरंगत होते. आत्या काचेतून बघत होती, खाली नाही आणि वरही नाही, समोर. मैदानावर पोहोचल्यावर बाबा माकडटोपी आणि मफलर सावरत सरळ सरांपुढे जाऊन उभे राहिले. "मी हिच्या पाठीमागे उभा राहणार," त्यांनी सांगितलं. विनंती करायची सवय त्यांना नाही.

सरांनी त्यांच्याकडे बघितलं, मग आत्याकडे बघितलं. "पायलटजवळ एक ऑब्झर्व्हर उभा राहू शकतो, काकाजी," ते सावकाश म्हणाले. "पण तो आकाशावर नजर ठेवायला असतो."

"मागचं आकाश कुणी बघायचं?" बाबांनी विचारलं. "मागून घार आली तर?"

सरांनी नियमांचे कागद चाळले. फौजेतला माणूस, नियमाच्या बाहेर जाणार नाही हे दिसत होतं. शेवटी म्हणाले, "ऑब्झर्व्हरनं तोंड कुणीकडे करायचं, हे रूलमध्ये लिहिलेलं नाही. व्हा उभे. बोलून मॅडमना मदत करायची नाही फक्त."

बाबा उभे राहिले. आत्याने तपासणी मोठ्याने म्हटली. पंखे, बॅटरी, वारा. प्रत्येक शब्दाला मागून बाबांचा "ओके" आला. मग ड्रोन उठलं, आणि धुक्याच्या वर जाऊन उन्हात आलं. एवढीशी काळी गोष्ट, पण आम्ही सगळे तिच्याकडे माना वर करून बघत होतो, पोरं, सर, मी. बघत नव्हते ते फक्त बाबा. ते लसणाच्या शेताकडे तोंड करून उभे होते. ड्रोन दूर गेलं, वळलं आणि आत्याकडे येऊ लागलं. मला इथून तिचा खांदा हललेला दिसला. बाबांनी टाचा रोवल्या आणि पाठ आणखी घट्ट टेकली. खांदा जागेवर आला.

"येतंय दादा," आत्या हळू म्हणाली. "माझ्याकडे येतंय."

बाबांना बोलायची मनाई होती. पण तोंडातून निघून गेलंच. "ढील दे."

ड्रोनला दोरा नसतो. आत्याने काय केलं मला कळलं नाही, पण तिच्या बोटांतला ताण गेला आणि ते ड्रोन आठाच्या दुसऱ्या पोटात असं वळलं की जणू त्याला कुणी वळवलंच नव्हतं. तिचं तोंड वर होतं. शेवटपर्यंत वर होतं. उतरताना थोडी धूळ उडाली आणि पंखे थांबले. सर मैदानाकडे बघत राहिले, त्या मघाच्या दोन शब्दांबद्दल काही बोलले नाहीत. "बढिया, मॅडम," एवढंच म्हणाले. पोरांनी "बुआजी" म्हणून जो गिल्ला केला त्याने पलीकडच्या शेतातली बाई कमरेवर हात ठेवून बघायला आली.

त्या गोंधळात बाबा तसेच उभे होते, शेताकडे तोंड करून. "झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं दादा."

"मग वळू मी?"

परत येताना धुकं गेलं होतं आणि गहू चमकत होता. मग बाबा म्हणाले, "किती वर गेलं होतं ग?"

"खूप."

"मला नुसता लसूण दिसला," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "बेबी, तुला कंटाळा नाही यायचा? तसं उभं राहायला?"

आत्या हसली. "कंटाळा कसला? तिकडून सगळं दिसायचं ना. घरांची छतं, बोळ, आणि खान नदीचं वळण. तेव्हा पाणी असायचं रे तिला. सकाळी एका रंगाची, दुपारी दुसऱ्या. तू पतंग बघायचास तेव्हा मी नदी बघायची. म्हणून तर भूगोल घेतला मी."

"कधी बोलली नाहीस."

"तू कधी वळलास कुठे?" आत्या म्हणाली. त्यात राग नव्हता. ती काचेतून वर बघत होती आणि तिला तिकडे काहीतरी सापडलं होतं.

आता ती शेतांवरून ड्रोन उडवते. पिकं कुठे पिवळी पडताहेत, पाणी कुठे साचतंय, ते शेतकऱ्यांना सांगते. मोबाइलवर फोटो दाखवताना "तुमच्या ईशान्येकडच्या कोपऱ्यात" असं म्हणते आणि शेतकऱ्यांना ते लगेच कळतं, म्हणून ती तिथे सुखात आहे. आमचा चहा पुन्हा उशिरा होतो. मागच्याच आठवड्यात गल्लीच्या टोकाला नवा ओटा झाला, त्यावर ठसा आहे.

यंदा संक्रांतीला मी बाजारातून पतंग आणले. आत्याने त्यातला एक पांढरा उचलला, कणी बांधली आणि गच्चीवर जाऊन उडवला. तिचा पहिला. बाबांनी हुचका घेतला आणि तिच्या पाठीला पाठ लावून उभे राहिले. आमच्या गच्चीला कमरेएवढा कठडा आहे, पडायची कसलीही भीती नाही. तरी ते तसेच उभे राहिले, तोंड उत्तरेला. इतका वेळ ते एकटक काय बघताहेत म्हणून मी जवळ जाऊन विचारलं.

"नदी," ते म्हणाले.

आमच्या गच्चीवरून नदी दिसत नाही, मध्ये सगळं शहर आहे. तेवढ्यात आत्या आकाशाकडे बघत ओरडली, "दादा, ढील दे," आणि बाबांनी न वळता ढील दिली.